सुईशिवाय लस देणारा पॅच: आईबाबांकडून सारखे येणारे प्रश्न

लहान मुलांच्या लसीकरणाच्या कामात बरीच वर्षं गेलीत माझी, त्यामुळे पॅचची कुठे बातमी आली रे आली की मेसेज सुरू होतात, मिळतो का, कधी येणार, आता सुई बंद का वगैरे. प्रत्येकाला वेगळं टाईप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

हा पॅच म्हणजे नक्की काय?

दिसायला छोट्या गोल बँडेडसारखा असतो. जी बाजू त्वचेला लागते तिच्यावर खूप बारीक बारीक टोकं असतात, एक मिलिमीटरपेक्षाही कमी उंचीची, आणि लस त्या टोकांमध्येच वाळवून भरलेली असते किंवा टोकांवर तिचा लेप दिलेला असतो. पॅच त्वचेवर ठेवून अंगठ्याने दाबायचा, टोकं वरच्या थरात शिरतात, ओलावा मिळाला की विरघळतात आणि लस तिथेच राहते. मग वरचा कागद काढून टाकायचा, झालं. ना सिरिंज, ना बाटली, ना पावडरीत पाणी मिसळायची भानगड.

म्हणजे सुया आहेतच की! मग सुईशिवाय का म्हणतात?

बरोबर पकडलंत. शास्त्रीय नावातच नीडल आहे, मायक्रोनीडल पॅच म्हणतात, हल्ली मायक्रोअॅरे पॅच हा शब्द जास्त चालतो. आपण ज्याला सुई म्हणतो ती स्नायूपर्यंत किंवा त्वचेखालच्या चरबीपर्यंत जाते, ही टोकं तिथवर पोचतच नाहीत. मला स्वतःला सुईशिवाय हा शब्द थोडा खटकतो कारण मुलाला सांगितलं काही नाहीये आणि मग हाताला खरखरीत काहीतरी दाबलं गेलं की त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो. त्यापेक्षा छोटा खरखरीत स्टिकर लावणारेत, थोडं दाबतील, असं सांगितलेलं बरं.

दुखतं का?

इंजेक्शनपेक्षा खूपच कमी. टोकं आखूड असल्यामुळे खोलवरच्या नसांच्या टोकांना फारसा धक्का लागत नाही. दाबल्यासारखं, थोडं चुरचुरल्यासारखं वाटतं. दीड महिन्याचं बाळ मात्र अनोळखी माणसाने हात धरला म्हणूनही रडेल, ते कुठला पॅच थांबवणार.

सिगारेट सोडवायचा निकोटिनचा पॅच असतो तसंच ना हे?

नाही, आणि हा फरक समजला की अख्खी गोष्टच समजते म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, जाडी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे केसापेक्षाही पातळ, पण भिंत म्हणून एकदम पक्का. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू त्यातून सहसा आत जात नाही. निकोटिनचा रेणू आहे १६२ डाल्टनचा, त्यामुळे तो नुसता चिकटवला तरी झिरपतो. लसीतली प्रथिनं किंवा अख्खा कमजोर केलेला विषाणू म्हणजे त्याच्या तुलनेत डोंगर, तो कितीही वेळ चिकटवून ठेवा, बाहेरच राहणार. म्हणून त्या भिंतीला बारीक भोकं पाडावी लागतात, ते काम ही टोकं करतात.

पण लस स्नायूत न देता त्वचेत दिली तर चालते का? अर्धवट तर नाही ना होणार?

उलट त्वचा ही लसीसाठी फार चांगली जागा आहे. जंतू बाहेरून येतात ते बऱ्याचदा त्वचेवरच आदळतात, म्हणून शरीराने तिथे पहारेकरी पेशी भरपूर ठेवल्यात. त्यातल्या एका प्रकाराला लँगरहान्स पेशी म्हणतात, १८६८ मध्ये पाउल लँगरहान्स नावाच्या जर्मन मुलाने वैद्यकीचा विद्यार्थी असतानाच त्या पाहिल्या आणि त्याला वाटलं या मज्जातंतूंच्या पेशी आहेत. त्या खरं तर प्रतिकारशक्तीच्या पेशी आहेत हे कळायला पुढे शंभर वर्षं गेली. या पेशी लस पकडतात, जवळच्या लसिकाग्रंथीत घेऊन जातात आणि तिथे बाकीच्या पेशींना ओळख करून देतात.

आणि त्वचेत लस देणं काही नवीनही नाही. बीसीजी त्वचेतच देतात, दंडावरचा तो व्रण त्याचाच. देवीची लसही त्वचेतच दिली जायची. पोलिओची इंजेक्शनवाली लस त्वचेत दिली तर पूर्ण डोसच्या पाचव्या भागात, म्हणजे ०.१ मिलीत काम भागवता येतं. अडचण एवढीच की हाताने नेमकं त्वचेच्या थरात इंजेक्शन देणं अवघड असतं, सुई जरा खाली गेली की लस भलत्याच थरात, शिकायला वेळ लागतो आणि हात बसलेली माणसं सगळीकडे नसतात. पॅचमध्ये खोली टोकांच्या उंचीनेच ठरलेली असते, त्यामुळे हे कौशल्य पॅचमध्येच आलं असं म्हणा.

मुलांवर खरंच वापरून पाहिलंय का कुणी?

हो. आणि बाळांवरचा पहिला अभ्यास गोवर-रुबेला लसीचाच झाला, पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशात. पॅच अटलांटाच्या मायक्रॉन बायोमेडिकल कंपनीचा, आतली लस सीरम इन्स्टिट्यूटची, अभ्यास केला ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलच्या तिथल्या केंद्राने, आणि निकाल २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आधी ४५ मोठी माणसं, मग १५ ते १८ महिन्यांची १२० मुलं, आणि मग ९ ते १० महिन्यांची १२० बाळं. हा क्रम मुद्दाम ठेवतात, आधी मोठ्यांत सुरक्षित दिसलं तरच पुढे लहानांकडे जायचं.

यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे प्रत्येक बाळाला पॅचही लावला आणि इंजेक्शनही दिलं, पण दोन्हीपैकी एकातच खरी लस होती, दुसरं नुसतंच नकली, आणि कुठलं खरं ते आईबाबांनाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यांनाही नाही. त्यामुळे कुणाच्या मनातलं झुकतं माप निकालात आलं नाही. पॅच मनगटाजवळ लावून ५ मिनिटं ठेवला होता.

४२ दिवसांनी रक्त तपासलं तेव्हा बाळांमध्ये गोवराविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार झाली होती पॅचने ९३ टक्क्यांत आणि इंजेक्शनने ९० टक्क्यांत. रुबेलाचं दोन्हीकडे १०० टक्के. आता यावरून पॅच इंजेक्शनपेक्षा भारी असं म्हणू नका प्लीज, एका गटात ६० बाळं, एवढ्या आकड्यात ३ टक्क्यांचा फरक म्हणजे काहीच नाही. म्हणायचं एवढंच की पॅच मागे पडलेला दिसला नाही. आणि ९० टक्क्यांहून जास्त पालकांनी सांगितलं की मुलांसाठी इंजेक्शनपेक्षा पॅच बरा.

त्याआधी काही झालं होतं का?

कल्पना जुनी आहे, १९७० च्या दशकात पेटंटही निघालं होतं, पण एवढी बारीक टोकं बनवणारं तंत्र तेव्हा नव्हतं. चिप बनवायच्या तंत्रामुळे १९९० नंतर ते जमायला लागलं आणि अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या मार्क प्राउस्निट्झ यांच्या गटाने ते पुढे नेलं. २०१५ मध्ये एमरी विद्यापीठात फ्लूच्या लसीचा पॅच १०० मोठ्या माणसांवर पाहिला, त्यात १०० टोकं होती, प्रत्येक ६५० मायक्रोमीटर उंच. काही जणांना पॅच हातात देऊन स्वतःच लावायला सांगितला आणि त्यांनाही तो नीट लावता आला. ऑस्ट्रेलियात व्हॅक्सास कंपनीचा वेगळा प्रकार आहे, हजारो अजूनच आखूड टोकं, त्यावर लसीचा लेप, आणि दाबायला एक छोटं यंत्र.

साईड इफेक्ट काय?

मुख्य म्हणजे लावलेल्या जागी. गांबियात पॅचची खरी लस मिळालेल्या मुलांपैकी १५ ते १८ महिन्यांच्यांत ७७ टक्के आणि ९ ते १० महिन्यांच्या बाळांत ६५ टक्के जणांची जागा थोडी कडक झाली होती, म्हणजे हात फिरवला तर घट्ट लागते तशी. सगळं सौम्य. फ्लूच्या पॅचमध्ये ५० पैकी ४१ जणांना खाज आली होती. हे आकडे मोठे वाटतात पण लस वरच्या थरात आहे, पेशी तिथेच कामाला लागल्यात, त्यामुळे तिथे लाली, खाज, कडकपणा येणारच, आणि इंजेक्शनमध्ये हेच खाली खोलवर चालतं म्हणून दिसत नाही. तरी हे पालकांना आधी सांगायलाच हवं, नाहीतर घरी गेल्यावर हाताला डाग दिसला की घाबरून पुढचा डोसच चुकवतात. लाखात एखाद्याला होणारी गोष्ट मात्र २४० मुलांच्या अभ्यासात दिसणार नाही, त्यासाठी हजारो मुलांचे मोठे अभ्यास लागतात आणि ते झाल्याशिवाय परवानगी मिळत नाही, मिळूही नये.

आत चिप वगैरे घालतात असं फॉरवर्ड आलंय.

नाही. टोकं साखरेच्या जातीच्या आणि पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांची असतात, विरघळली की संपलं. ही अफवा कुठून आली तेही सांगते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी डोळ्याला न दिसणारा पण खास कॅमेऱ्याने दिसणारा एक रंग मायक्रोनीडलने त्वचेत सोडून पाहिला होता, कागदपत्रं नसलेल्या मुलाला कुठली लस झाली ते कळावं म्हणून. तोही नुसता रंग, त्यात इलेक्ट्रॉनिक काही नव्हतं, आणि गोवर-रुबेलाच्या पॅचशी त्याचा संबंध नाही. दोन बातम्या कुणीतरी एकत्र कालवल्या. विचारताय हे चांगलंच आहे, पण पुढे पाठवू नका.

एवढा खटाटोप फक्त मुलं रडू नयेत म्हणून?

हाच प्रश्न यावा असं मला वाटत होतं! रडणं कमी होईल ते छानच, पण माझ्या लेखी खरं कारण दुसरं आहे.

गोवराची लस पावडरीच्या रूपात येते, एका बाटलीत बऱ्याचदा ५ किंवा १० डोस. सोबतच्या द्रावणात मिसळली की घड्याळ सुरू, ६ तासांत वापरा नाहीतर फेका. आता दुपारी उशिरा एकच आई एकच बाळ घेऊन आली तर बाटली फोडायची का? फोडली तर ९ डोस वाया, वरून विचारणा होणार. मग सांगितलं जातं, पुढच्या वारी या. मी हे स्वतः पाहिलंय, सुरुवातीच्या काळात, एक बाई कडेवर बाळ घेऊन बरंच अंतर चालत आली होती आणि तिला परत पाठवलं, आणि पुढच्या वारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. रजिस्टरमध्ये तिच्या बाळाचा तो रकाना रिकामाच राहिला. चूक कुणा एकाची म्हणता येणार नाही, बाटलीच तशी आहे. पॅच एकेकटा असतो, एक मूल एक पॅच, कुणाला परत पाठवायचं कारणच उरत नाही.

दुसरं म्हणजे थंडावा. लस कारखान्यापासून बाळापर्यंत २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, फ्रीज, बर्फाचे पॅक, डबे, आणि कुठेतरी वीज गेली की सगळं मुसळ केरात. वाळवलेली लस उष्णता जास्त सोसते, फ्लूचा तो पॅच ४० अंशांत वर्षभर टिकला होता. गोवराचा विषाणू जिवंत आणि नाजूक, त्यामुळे त्याला तेवढं जमेलच असं नाही, पण शेवटचे काही दिवस जरी बर्फाशिवाय नेता आला तरी डोंगरातल्या, बेटावरच्या, छावणीतल्या मुलांपर्यंत साध्या पिशवीतून जाता येईल.

आणि तिसरं, मिसळण्यातल्या चुका. २०१४ मध्ये सीरियातल्या इद्लिब भागात गोवराच्या लसीत द्रावणाऐवजी चुकून भूल देताना वापरतात ते स्नायू सैल करणारं औषध मिसळलं गेलं आणि किमान १५ बाळं गेली. लसीत दोष नव्हता, बाटल्यांची अदलाबदल झाली होती. ही बातमी वाचली त्या दिवसापासून मी प्रत्येक बाटलीचं लेबल दोनदा वाचते. पॅचमध्ये मिसळायचं काही नसतंच, म्हणून ही चूक व्हायला जागाच नाही.

२०२३ मध्ये जगभरात गोवराचे अंदाजे १ कोटी ३ लाख रुग्ण झाले आणि सुमारे १ लाख ७ हजार माणसं गेली, बहुतेक ५ वर्षांखालची मुलं. लस १९६३ पासून आहे, स्वस्त आहे, चांगली आहे. गोवर इतका पसरतो की त्याला रोखायला १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात, आणि अडतं ते त्या शेवटच्या काही मुलांपाशी. म्हणूनच २०२० मध्ये गावी (Gavi, गरीब देशांना लसी मिळवून देणारी आंतरराष्ट्रीय संस्था), जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरेंनी मिळून लसीकरणातल्या नव्या साधनांची छाननी केली तेव्हा हे पॅच पहिल्या नंबरवर ठेवले.

मग सगळ्याच लसी पॅचमध्ये येतील का?

सगळ्या नाही, निदान लवकर तरी नाही. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी यांच्या लसींत अॅल्युमिनियमचे क्षार घातलेले असतात, लसीचा जोर वाढवायला. स्नायूत ते चालतात पण त्वचेच्या वरच्या थरात गाठी आणि जळजळ करू शकतात, त्यामुळे पॅचसाठी लसच नव्याने बांधावी लागेल. शिवाय पाच-सहा लसी एकत्र असलेलं इंजेक्शन पॅचवर आणायचं तर एवढा माल त्या इवल्या टोकांत मावायचा कसा. म्हणून गोवर-रुबेला पुढे आहे. रोटाव्हायरस आणि पोलिओचे थेंब तर आधीच तोंडातून देतात, तिथे पॅचची गरजच नाही.

नाकातला स्प्रे, प्रेशरने मारायचं ते यंत्र, हे वेगळं का?

वेगळं. फ्लूचा नाकातला स्प्रे २००३ पासून आहे. जेट इंजेक्टर द्रवाची बारीक धार जोराने त्वचेतून आत सोडतो, भारतात २०२१ मध्ये परवानगी मिळालेली कोविडची झायकोव्ह-डी लस तशीच द्यायची होती. सुई नाही हे खरं, पण बाटली, थंडावा आणि यंत्र तिन्ही लागतातच.

पॅच नीट बसला की नाही कसं कळणार?

चांगली शंका आहे, कारण अर्धवट दाबला तर टोकं आत जाणार नाहीत आणि डोस वाया. म्हणून काही पॅचमध्ये पुरेसा जोर पडला की टिक असा आवाज येतो अशी सोय केलीय.

घरी मागवून आपणच लावता येईल का?

मोठ्यांच्या फ्लूच्या पॅचचं कदाचित कधीतरी. मुलांचं मी तरी म्हणेन नको. क्वचित, साधारण दहा लाख डोसमागे एखाद्याला, तीव्र अॅलर्जी येते आणि ती आली तर मिनिटांत अॅड्रेनालिन द्यावं लागतं, म्हणून लसीनंतर थोडा वेळ बसवून ठेवतात, पॅच असला तरी ते सुटणार नाही. आणि नोंद कोण ठेवणार? पण थोडं प्रशिक्षण दिलेली गावातलीच व्यक्ती घरोघर जाऊन लावू शकेल, त्याला नर्सच हवी असं नाही, हे मात्र होईल आणि व्हायला हवं.

मिळणार कधी?

आत्ता कुठल्याच देशात मुलांच्या नेहमीच्या लसीकरणात पॅच मिळत नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नका, सरळ फसवणूक आहे. मोठे अभ्यास व्हायचेत आणि त्याहून अवघड गोष्ट कारखान्याची आहे. बाटल्या भरायची यंत्रं जगभर आहेत, पॅच बनवायची नाहीत. जिवंत विषाणूचा पॅच शेवटी उकळून किंवा किरणं सोडून निर्जंतुक करता येत नाही, लसच मरेल, त्यामुळे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं निर्जंतुक जागेतच करायचं, ते महाग. कंपनी म्हणते किती घेणार ते आधी सांगा मग कारखाना बांधतो, घेणारे म्हणतात आधी किंमत सांगा. सुरुवातीला एक पॅच एका इंजेक्शनपेक्षा महागच पडेल, पण वाया जाणारे डोस, बर्फ, सिरिंज, सुयांचा कचरा हे सगळं धरून हिशोब करायला हवा, नुसत्या डोसची किंमत बघून नाही.

माझं बाळ ९ महिन्यांचं होतंय, पॅच येईपर्यंत थांबू का?

नाही, नाही, नाही. आईकडून मिळालेलं संरक्षण याच सुमाराला संपत येतं आणि गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना तो देऊ शकतो. ठरलेल्या दिवशी इंजेक्शनच घ्या.

दुखणं कमी करायचे उपाय आजही आहेत. टोचायच्या आधी आणि टोचताना बाळाला अंगावर पाजा, खूप फरक पडतो. झोपवून दाबून धरण्यापेक्षा मांडीवर बसवून कुशीत घ्या. एकाच दिवशी दोन-तीन लसी असतील तर जास्त दुखणारी शेवटी द्या असं नर्सला सांगा, हे सांगायचा तुम्हाला हक्क आहे, आम्ही रागावत नाही. टोचायच्या आधीच पॅरासिटामॉल पाजून आणू नका, नंतर ताप आला तर डॉक्टर सांगतील तेवढं द्या. आणि येताना लसीचं कार्ड आणा, निम्म्या लोकांचं ते घरीच राहिलेलं असतं.